टाटाजवळची भाड्याची खोली: परळमध्ये काढलेले साडेतीन महिने

१५ एप्रिल ते ३१ जुलै २०२४ आम्ही परळला, भोईवाड्याच्या बाजूला, एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वन रूम किचन भाड्यानं घेऊन राहिलो. ह्यांना गालाचा कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन आणि नंतरचं रेडिएशन टाटा हॉस्पिटलमध्ये ठरलं. आमचं गाव जिंतूर, जिल्हा परभणी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुंबईत जवळचं म्हणावं असं कुणीच नव्हतं, आणि खोली कशी बघायची हे सांगणारंही कुणी नव्हतं. जे घरातल्या माणसाला घेऊन पहिल्यांदाच परळला येणार आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. इमारतीचं नाव आणि माणसांची नावं देत नाही.

आधी एक सांगते. भाड्याच्या खोलीच्या मागे लागण्याअगोदर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन बसा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळलाच असलेलं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, लहान मुलांच्या राहण्याची सोय करणारी सेंट ज्यूड संस्था यांची माहिती तिथं मिळते आणि चिठ्ठीही तिथूनच मिळते. ज्यांचं भागतं त्यांनी तिथंच राहावं, हजारो रुपये वाचतात. आम्ही खोली घेतली ती एकाच कारणासाठी. ऑपरेशननंतर ह्यांना नाकातल्या नळीतून जेवण द्यावं लागणार होतं, दर दोन तासांनी, आणि त्यासाठी रात्री-पहाटे केव्हाही हाताशी असणारं स्वतःचं स्वयंपाकघर मला हवं होतं.

मार्चमध्ये देवगिरी एक्सप्रेसनं सकाळी दादरला उतरलो तेव्हा वाटलं होतं, तपासण्या होतील आणि चार दिवसांत परत जाऊ. एक रिपोर्ट झाला की दुसरा, असे अकरा दिवस गेले. तेवढे दिवस रोजावरच्या खोलीत काढले, दिवसाला १,२०० रुपये. खिडकी नव्हती. पाच कुटुंबांना मिळून एक संडास, तोही खाली बसायचा. अकरा दिवसांचे १३,२०० रुपये झाले, आणि तेव्हा हिशेब केला की महिनाभर असं राहिलो तर ३६,००० होतील. मुक्काम पंधरा दिवसांच्या वर जाणार असं डॉक्टरांच्या बोलण्यातून कळलं की लगेच महिन्याच्या भाड्याची खोली बघायला लागा. आम्ही उशीर केला.

एजंट गाठणं अवघड नाही. फूटपाथवर हातात फाईल घेऊन दोन मिनिटं उभं राहिलं तरी कुणीतरी येऊन विचारतं. पहिल्या एजंटानं लालबागकडे एक खोली दाखवली, चांगली होती. मी ५,००० टोकन दिलं. दुसऱ्या दिवशी मालक आले, ह्यांच्या गालाकडे बघितलं आणि एजंटाला बाजूला नेऊन म्हणाले, पेशंट चालणार नाही. एजंट माझ्याकडे येऊन म्हणाला, "ताई, मालक तयार नाहीत, दुसरी बघू." टोकन मागितलं तर ते पुढच्या खोलीत धरू म्हणाला, आणि पुढची खोली त्यानं कधी दाखवलीच नाही. फोन उचलणं बंद केलं. ते पैसे गेले.

त्यानंतर मी प्रत्येक ठिकाणी दारातच सांगायला लागले: माझ्या नवऱ्याला कॅन्सर आहे, तोंडाचं ऑपरेशन आहे, नळी असणार आहे, चालेल का? सहा ठिकाणी नाही म्हणाले. एका घरी बाईंनी विचारलं, लागण होते का हो? मी शिक्षिका आहे, मला समजावून सांगायची सवय आहे. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही, एका ताटात जेवलं तरी लागत नाही, हे मी त्यांना उभ्या उभ्या सांगितलं. त्यांना पटलं असावं, पण खोली दिली नाही. आणखी एका ठिकाणी मालकानं फार हळू आवाजात विचारलं, "सिरियस आहेत का?" त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं. आपल्या खोलीत काही झालं तर, ही भीती. मला त्या माणसाचा राग आला नाही, पण त्या दिवशी जिने उतरताना मला रडू आवरलं नाही.

आम्हाला ज्यांनी खोली दिली त्या मालकीणबाई त्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर राहतात. साठीच्या पुढच्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. त्यांचे यजमान गिरणीत होते. १९८२ चा संप झाला आणि मग गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही, असं त्या सांगायच्या. पूर्वी तिथं चाळ होती. ती पाडून ही इमारत झाली तेव्हा त्यांना एक आणि त्यांच्या दिरांना एक अशा २२५ चौरस फुटांच्या दोन खोल्या मिळाल्या. दिरांची खोली नंतर त्यांच्याकडे आली, तीच त्या भाड्यानं देतात. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आधी सांगितलंत ते बरं केलंत. माझी मुलं वाडिया हॉस्पिटलात जन्मली, सासूबाई केईएममध्ये गेल्या. ह्या वस्तीत राहून पेशंटला नाही कसं म्हणायचं?" केईएम १९२६ चं, टाटा १९४१ चं. ह्या गल्ल्यांतल्या माणसांच्या तीन-तीन पिढ्या हॉस्पिटलांच्या शेजारी गेल्या आहेत, आणि जुन्या माणसांच्या वागण्यातून ते कळतं.

भाडं महिन्याला ३०,००० आणि डिपॉझिट १ लाख. लाईटबिल वेगळं. आमच्यासारख्यांना ही रक्कम फार मोठी आहे. माझ्या भावानं आणि शाळेतल्या सहकाऱ्यांनी मदत केली म्हणून जमलं. दलालीचं एक महिन्याचं भाडं दुसऱ्या एजंटाला द्यावं लागलं. हा एजंट गोड बोलायचा. त्यानं करारनाम्याचे म्हणून ६,००० मागितले आणि वर सांगितलं की अकरा महिन्यांच्या आतलं असेल तर नोंदणी लागत नाही, साध्या स्टॅम्पपेपरवर करू.

हे साफ खोटं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मग तो किती का महिन्यांचा असेना. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि करार नोंदवलेला नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मी हे काकूंना दाखवलं तेव्हा त्याच म्हणाल्या, मग नोंदवूनच करू.

खर्चही एजंट सांगत होता तेवढा नव्हता. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरून ते भाड्यात मिळवतात. आमचं अकरा महिन्यांचं भाडं ३,३०,००० आणि डिपॉझिटवरचं व्याज ९ हजारांच्या आसपास, म्हणजे शुल्क नऊशेच्या आत-बाहेर. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. शिवाय दस्त हाताळणीचे थोडेफार. हे सगळं ऑनलाइन होतं. अंगठ्याचं यंत्र घेऊन एक मुलगा घरी आला, आधारवरून अंगठे घेतले, दोन साक्षीदार खालच्या मजल्यावरचे. हे तेव्हा वॉर्डात भरती होते, म्हणून करार माझ्याच नावानं केला. पेशंटच्या नावानं करू नका. ऐन वेळी अंगठा द्यायला त्यांना आणणार कुठून? पोलिसांकडची भाडेकरूची माहितीही काकूंनी त्याच आठवड्यात भरली.

करारात एक ओळ मी हट्टानं घालून घेतली: लॉक-इन (म्हणजे ज्या मुदतीआधी खोली सोडता येत नाही ती अट) नाही, एक महिना आधी सांगून केव्हाही सोडता येईल. एजंटाच्या छापील मसुद्यात सहा महिन्यांचं लॉक-इन होतं. उपचार किती दिवस चालतील हे डॉक्टरही नेमकं सांगू शकत नाहीत, आपण सहा महिन्यांचं भाडं कसं बांधून घ्यायचं? आणि दुसऱ्या एका गोष्टीचा विचारही मनात होता, तो मी तेव्हा कुणाला बोलून दाखवला नाही.

आता खोलीबद्दल.

अंतर. एजंट प्रत्येक जागा "पाच मिनिटांवर" सांगतो. मी घड्याळ लावून चालले, संध्याकाळी पाचला, फूटपाथ भरलेला असताना. मला सहा मिनिटं लागली. ऑपरेशननंतर ह्यांना घेऊन तेच अंतर चौदा मिनिटांचं झालं, मध्ये दोनदा थांबून. त्या रस्त्याला टॅक्सीवाला एवढ्या जवळचं भाडं घेत नाही हे लक्षात ठेवा. म्हणून अंतर पेशंटच्या पावलांनी मोजायचं, आपल्या नाही. ह्या बाबतीत आमची खोली पूर्ण गुणांची होती. रेडिएशन सोमवार ते शुक्रवार रोज, एकूण ३० वेळा. नंबर कधी सकाळी अकराला, कधी रात्री आठला. रोज लोकलनं येणारी माणसं बाकावर पेंगताना बघितली की मला आमच्या त्या सहा मिनिटांची किंमत कळायची. ८ जुलैला, सोमवारी, मध्यरात्रीपासून सकाळी सातपर्यंत ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, लोकल कोलमडल्या. आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून, भिंतीला धरून, चालत गेलो आणि ह्यांचं त्या दिवशीचं रेडिएशन चुकलं नाही. शेजारच्या बाकावरच्या बदलापूरच्या मावशी त्या दिवशी पोचू शकल्या नव्हत्या.

स्वयंपाकघर. चार फूट ओटा, एक सिंक, गॅसची शेगडी, छोटा फ्रीज. मिक्सर मी गावाहून आणला. नळीतून द्यायचं जेवण कसं करतात हे आधी माहीत नसतं, म्हणून लिहिते. नाचणीचं सत्त्व दुधात शिजवायचं, कधी मऊ खिचडी, कधी डाळ आणि उकडलेलं अंडं, आहारतज्ज्ञांनी दिलेल्या तक्त्याप्रमाणे. मिक्सरमधून तीनदा फिरवायचं. मग एकदा चहाच्या गाळणीतून आणि एकदा पातळ सुती फडक्यातून गाळायचं. नुसत्या गाळणीवर भागवलं तर डाळीचं एखादं साल राहून जातं आणि नळी तुंबते. एकदा माझ्याकडून तसं झालं. ५० मिलिलिटरची मोठी सिरिंज, दट्ट्या काढून ठेवायचा, नळीला जोडून हात वर धरायचा आणि आपोआप उतरू द्यायचं. घाई करून दाबायचं नाही. वाटी निम्मी झाली की माझा हात भरून यायचा. हे टक लावून सिरिंजमधली पातळी खाली जाताना बघत बसायचे. शेवटी पाणी सोडून नळी धुवायची. पहिलं जेवण पहाटे सहाला, शेवटचं रात्री अकराला.

मिक्सरच्या आवाजाची तक्रार तिसऱ्याच दिवशी आली. भिंतीपलीकडे रात्रपाळी करणारा मुलगा राहतो, त्याची आई आली होती. मी मिक्सरखाली टॉवेलची चौपदरी घडी घातली आणि पहाटेचं रात्रीच करून फ्रीजमध्ये ठेवायला लागले. पहाटे पातेल्यात गरम पाणी घेऊन त्यात डबा ठेवला की कोमट व्हायचं. त्या बाई नंतर रोज विचारायला यायच्या, आज किती गेलं पोटात.

खाटेला डोक्याकडून उंची हवी होती, कारण जेवण दिल्यावर आडवं होऊन चालत नाही. हॉस्पिटलसारखी खाट भाड्यानं मिळते, पण ती त्या खोलीत मावली नसती. काकूंच्या मुलानं शेजारच्या बांधकामावरून चार विटा आणल्या आणि डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन ठेवल्या. साडेतीन महिने त्यावर निघाले.

संडास कमोडचा होता. हे मी सगळ्यात आधी बघितलं होतं, तुम्हीही बघा. ह्यांच्या छातीचं मांस गालाला लावलं होतं, खांदा उचलत नव्हता, खाली बसून उठणं शक्यच नव्हतं. पण गिझर बंद होता आणि तो दुरुस्त करायला काकूंनी सोळा दिवस लावले. चार वेळा सांगावं लागलं. ही त्यांची एक बाजू खरी, खर्चाचं काम आलं की त्या पुढे ढकलतात. पाणी पहाटे साडेचार ते साडेसहा येतं, पिंप भरून ठेवावं लागतं. मी पाणी उकळूनच वापरत होते.

सगळ्यात मोठी चूक माझी लिफ्टच्या बाबतीत झाली. लिफ्ट आहे एवढं बघून मी निश्चिंत झाले. ती रात्री बारा ते पाच बंद असते हे विचारलंच नाही. ऑपरेशन होऊन घरी आल्यावर पाचव्या रात्री दोनच्या सुमाराला ह्यांच्या तोंडातून रक्त यायला लागलं. टॉवेल लाल झाला. बोलता येत नव्हतं, त्यांनी नुसता माझा हात धरला. लिफ्टचं बटण दाबते तर दिवा लागेना. वॉचमन खाली झोपलेला, किल्ली सेक्रेटरींच्या घरी. आम्ही तीन जिने उतरलो, एका पायरीवर दोन पाय टेकवत. मी त्यांच्या पुढे उलटी चालत होते. कॅज्युअल्टीत पोचलो तेव्हा सव्वादोन वाजून गेले होते. टाक्यातून रक्त येत होतं, ते थांबवलं, पहाटेपर्यंत बसवून ठेवलं आणि सोडलं. सहा मिनिटांवर होतो म्हणून धीर राहिला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. आधी ते म्हणाले, सोसायटीचा ठराव आहे, वीजबिल फार येतं. मी रक्ताचा टॉवेल नेला नव्हता, फक्त डिस्चार्ज कार्ड नेलं होतं. त्यांनी ते वाचलं आणि संध्याकाळी किल्लीची दुसरी प्रत वॉचमनच्या टेबलाच्या खणात ठेवली. तो ठराव आजही आहे, पण किल्ली खाली असते. हॉस्पिटलच्या आसपासच्या इमारतीत खोली बघताना "लिफ्ट आहे का" असं विचारू नका. "रात्री दोनला लिफ्ट चालते का, आणि वॉचमनकडे किल्ली असते का" असं विचारा.

बाकी किरकोळ. एकच खिडकी, तिच्यासमोर टॉवरची काच, दुपारनंतर ऊन तिच्यावरून परतून खोलीत येतं. मे महिना कठीण गेला. रेडिएशन सुरू झाल्यावर मानेची कातडी काळी पडून सोलायला लागली, तेव्हा जाड कपडा अंगाला लागू द्यायचा नव्हता आणि उकाडा सहन होत नव्हता. आम्ही टेबल फॅन घेतला, १,८०० रुपयांचा, जाताना तिथंच ठेवला. शेजारच्या बांधकामाचा आवाज सकाळी आठपासून. औषधाची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी, ही त्या भागाची फार मोठी सोय. मला स्वतःला डबा लावला होता, दोन पोळ्या, भाजी, वरण-भात ९० रुपयांत, बाई वेळेवर आणून द्यायची.

२६ एप्रिलला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं. माझी निवडणुकीची ड्युटी आली होती, ती रद्द करून घ्यायला मला कागद जोडून बरीच धावपळ करावी लागली. त्याच दिवसांत ह्यांचं ऑपरेशन झालं. लेकरं गावी सासूबाईंजवळ होती. रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल, आणि ह्यांना बोलता येत नसल्यानं हे पाटीवर लिहून दाखवायचे. शाळेतली पाटी मीच आणली होती. जुलैमध्ये तोंडाला फोड आल्यामुळे नळी पुन्हा घालावी लागली, तेव्हा ती पाटी परत निघाली.

शेवटचं रेडिएशन झाल्यावर दहा दिवस थांबलो आणि ३१ जुलैला खोली सोडली. नोटीस जूनच्या शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनच दिली होती. एजंटानं मध्ये पडून सांगायचा प्रयत्न केला की अकरा महिने झाले नाहीत, एक महिन्याचं भाडं कापावं लागेल. काकूंनी करारातली ती ओळ त्याला वाचायला लावली. लाईटबिलाचे २,१४० रुपये वजा करून ९७,८६० त्याच दिवशी माझ्या खात्यावर आले. आत येताना मी भिंतींचे, नळांचे, दाराच्या कडीचे फोटो काढून काकूंना पाठवले होते. त्यामुळे रंगाचे किंवा दुरुस्तीचे पैसे हा विषयच निघाला नाही.

ही जागा कुणाला सुचवेन? एक पेशंट आणि सोबत एक माणूस असेल, मुक्काम महिन्याच्या वर असेल, रोज हॉस्पिटलला जायचं असेल तर नक्की. सोबत तिघं-चौघं असतील तर २२५ फुटांत होणार नाही. ज्यांना फक्त तपासणीला यायचं आहे त्यांनी एवढा खर्च करू नये. आम्हीही आता करत नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. सकाळी दादरला उतरतो, दिवसभर हॉस्पिटलमध्ये, आणि रात्रीच्या देवगिरीनं परत. मध्ये वेळ मिळाला तर काकूंकडे पाचव्या मजल्यावर चहाला जातो. मागच्या वेळी ह्यांनी त्यांच्याकडे चहात बुडवून अर्धी खारी खाल्ली.